आबांची बिनक्लचची गाडी

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जाफराबादच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांचा वर्कशॉपचा तास घेत होते. नवरा एवढंच म्हणाला, "आबा गेले. दुपारी झोपले ते उठलेच न्हाईत." मी पोरांसमोरच रडायला लागले, आणि हसनाबादला घरी पोचले तरी थांबता येईना. सासरा गेल्यावर सुनेनं किती रडायचं, याचा लोकांचा एक अंदाज असतो. माझं रडणं त्याच्या पुढं गेलं होतं. "पोटच्या पोरी इतक्या रडून न्हाई राह्यल्या," भावकीतली एक बाई कुजबुजली. मला इतकी लाज वाटली, की पदर तोंडात कोंबून मी कोपऱ्यात बसून राहिले. त्याला आता महिना उलटून गेला...

मी लग्न होऊन आले तेव्हा आबांच्या समोर उभं राहायचीही भीती वाटे. शेती मोठी, शब्द करडा, आणि दारात दुधी रंगाची जुनी अँबॅसिडर. जालन्याच्या एका मारवाडी कापूस व्यापाऱ्याकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेला. गावातल्या कितीतरी नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या, आणि चालवायला आबाच. दुसऱ्याच्या हातात त्यांनी ती कधी दिली नाही.

मग साखरेनं घात केला. डाव्या पायाचं बोट काळं पडलं आणि शेवटी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. घरी आल्यापासून आबा त्या पायावर कायम धोतराचा सोगा ओढून बसायचे. ओट्यावर बसणं बंद झालं. तरी मंठ्याला सख्ख्या पुतणीचं लग्न निघालं तेव्हा जाणं भाग होतं. आम्ही भाड्याच्या जीपनं गेलो. मांडवाच्या दारात पुतण्यांनी आबांना उचलून खाली घेतलं, आणि त्या ओढाताणीत त्यांचं धोतर सुटलं. समोर सगळं गणगोत. वाजंत्री वाजत होती. जो तो खाली बघत होता. आबांनी दोन्ही हातांनी धोतर धरलं होतं, त्यामुळे त्यांना तोंड झाकता येत नव्हतं.

त्यानंतर ते चार माणसांत जेवेनासे झाले. बरेच दिवस गेले. एकदा मी चहा ठेवून वळले तर म्हणाले, "सूनबाई, क्लचबिगर गाडी चालती का गं?"

तोवर ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मी म्हटलं, "चालते आबा. ऑटोमॅटिक असली की डाव्या पायाला कामच नसतं."

"आपली व्हईल का?"

अपघातात मोडलेल्या एका परदेशी गाडीचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. जालन्याच्या मिस्त्रीनं तो अँबॅसिडरमध्ये बसवलाही. पण गिअरचा दांडा खाली, दोन सीटांच्या मधोमध येईल म्हणाला. आबा अडून बसले. "दांडा जुन्या जागीच पाह्यजे."

"बाबा, तिथून खालपर्यंत जोडणी बसवायची म्हंजे लई कटकट. बराबर बसली न्हाई तर गाडी भलतीकडंच जाईल," मिस्त्रीनं हात वर केले. गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. घरी आल्यावर मला हळूच म्हणाले, "बाहीरून बघणाराला काही बदललेलं दिसलं न्हाई पाह्यजे. तू करतीस का?"

मला तेव्हा कळलं, दांडा जुन्या जागी का हवा होता ते.

सुट्टी लागल्यावर मी कामाला लागले. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, खाली पोतं अंथरलं. वरचा दांडा ओढला की स्टिअरिंगच्या बुडाशी असलेली पट्टी फिरणार, तिला जोडलेली सळई गिअरबॉक्सची पट्टी फिरवणार. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, प्रत्येक जागेला आत एक खटका. वर आणि खाली खटका एकाच वेळी पडला पाहिजे. आबा स्टिअरिंगवर बसून दांडा हलवायचे, मी खालून सांगायचे. पहिल्यांदा वर दांडा पार खाली आला तरी गिअरबॉक्स न्यूट्रलच्या पुढं सरकेना. मग खालची पट्टी जास्त फिरावी म्हणून तिला आसाजवळ दुसरं भोक पाडलं.

सासूबाई बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. "अगं, सासऱ्यापुढं उताणी पडलीस? लाजबीज हाय का न्हाई?"

ओढणी ग्रीसमध्ये चिकटलेली, तोंड काळं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. वरून आबांचा आवाज आला, "ती काम करून राह्यली. तू आत जाय."

मी बाहेर सरकून वर पाहिलं. गाडीचं दार उघडं होतं आणि आबांचा तो पाय माझ्या तोंडासमोर होता, धोतर बाजूला झालेलं. मंठ्याच्या लग्नानंतर मी तो पहिल्यांदाच पाहिला. त्यांचा हात धोतराकडं गेला.

"बघू नको, पोरी."

"आबा, दांडा सोडू नका. खटका जाईल."

त्यांनी दांडा सोडला नाही. मी नट आवळेपर्यंत दोघंही एकमेकांकडं न बघता तसेच राहिलो.

गाडी खाली उतरवून आबांनी इंजिन चालू केलं. न्यूट्रलमध्ये ठेवून त्यांनी रेस दिली, तशी गाडी सुसाट मागं गेली आणि शेजारच्या किसनभाऊंच्या कडब्याच्या गंजीत घुसली. इंजिन ताणलं, की गिअरबॉक्स त्याच्या रबरी बैठकीवर हलत होता आणि माझी सरळसोट सळई त्याच्यासोबत एक खटका ओढली जात होती. हे नंतर समजलं. तेव्हा फक्त गल्ली गोळा झाली. मी काळ्या हातांनी मध्ये उभी होते. किसनभाऊ ओरडले, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय व्हणार! जीव गेला अस्ता एखाद्याचा!"

मी मान खाली घातली. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. आबा कुबड्या घेऊन एकटेच उतरले. सोगा वर खोचलेला, पाय उघडा.

"किसन, बघ इकडं," ते म्हणाले. "मला पाय न्हाई. क्लच दाबता येत न्हाई. म्हणून माझ्या सुनेनं हे बसवलं. एक खटका चुकला, तो ती काढल. तुझा कडबा मी भरून देतो. पण तिला बोलू नको."

महिनोन्महिने जे झाकून ठेवलं, ते त्यांनी माझ्यासाठी भर गल्लीत उघडं केलं होतं. मला रडूही येईना, इतकी मी ओशाळले होते.

सळईच्या दोन्ही टोकांना मी रबरी सांधे घातले, आणि दोष गेला. कागदपत्रांसाठी जालन्याला खेपा झाल्या. मग आबा पुन्हा गाडी चालवू लागले. बाजारला, लग्नांना, दवाखान्यात. उतरायचे स्वतः. धोतर पायावर ओढणं मात्र त्या दिवसापासून सुटलं.

तेराव्यानंतर दारातला मांडव सोडायचा होता, म्हणून त्याखाली उभी असलेली गाडी मागं घ्यायची होती. गावात मी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, सगळे बघतात म्हणून. यावेळी बसले. दांडा ओढला, खटका बरोबर पडला. आयटीआयमधल्या गाड्यांच्या सवयीनं माझा डावा पाय क्लच शोधायला पुढं गेला. तिथं मोकळी जागा होती... धडधाकट पाय, आणि त्याला काही काम नव्हतं. त्याचीच मला लाज वाटली. मी तो गुपचूप मागं, सीटखाली ओढून घेतला आणि गाडी काढली.