दाजींना घेऊन दिंडोरीच्या शिबिराला

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ख्रिस्ती मंडळीचं शिबिर दिंडोरीजवळ असतं. एरवी मी आणि आमचे हे, दोघंच जातो. त्या वर्षी सायखेड्याहून ताई आणि दाजीही आले, कारण ताईच्या रूथला आमच्या मंडळीतल्या दानिएलचं स्थळ आलं होतं. दाजी म्हणजे तिकडच्या जुन्या देवळाचे, म्हणजे चर्चचे, पंच. फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तुमचा तो पंथ हाय. गुरूची पूजा करता म्हनं. मी सोता येऊन बघनार. पटलं तर सोयरीक, नाय तर नाय."

म्हटलं, या. लपवायचं काय आहे?

सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून दिंडोरीची एस.टी. धरली. जागा हवी असेल तर सुट्टीची गर्दी व्हायच्या आत निघावं. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, म्हणून स्टँडवर एक पैसाही खर्च झाला नाही. दिंडोरीपासून पुढे काळी-पिवळी जीप मिळते. माणशी पाच सांगतो, चौघं असलो की पंधरात सोडतो. आधी ठरवून बसावं. दोन्हीकडे छाटणी झालेल्या द्राक्षबागा, कोवळी पोपटी फूट आणि फवारणीचा वास. ताईनं पदर नाकाला लावला. दाजी म्हणाले, "खानं तर बरं असतंय ना तुमच्या गुरूकडं?"

शिबिर असतं ते आमच्यातल्याच एका बागायतदाराच्या पॅकिंगच्या शेडमध्ये. काढणीला अवकाश असल्यामुळे शेड रिकामी असते. झोपायला सतरंज्या मिळतात, पांघरूण आपलं न्यावं, पहाटे थंडी चांगलीच झोंबते. वर्गणी दोन दिवसांची माणशी साठ, त्यात चहा, नाश्ता, जेवण सगळं आलं.

दाजींनी आल्या आल्या तपास सुरू केला. कोपऱ्यात घमेली आणि टॉवेलांची चळत दिसली.

"हे कशाला? रगत-बिगत काढता का काय?"

"पाय धुवायला, दाजी. प्रभुभोजनाआधी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे."

"आमच्यात नाय असलं."

"अहो, शास्त्रात तर आहे ना," ताई पुटपुटली.

संध्याकाळी आम्ही बायका लसूण सोलायला बसलो. आमच्या मार्थाबाई मनानं सोन्यासारख्या, पण जिभेला लगाम नाही. ताईला म्हणाल्या, "आमच्यात आल्याशिवाय स्वर्ग नाही बरं का, बाई." ताईचा हात थांबला. झालं, रूथचं लग्न या लसणातच मोडलं!

दुसऱ्या दिवशी पोहे झाल्यावर प्रश्नांची वेळ होती. कुणीही उठावं, काहीही विचारावं, ही आमची रीत. दाजी टोपी काढून उभे राहिले.

"तुमी देव कोनाला मानता?"

मंडळीचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोठे बंधू म्हणतो, ते म्हणाले, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, एकच देव. मी त्याचा साधा चाकर. चला, सगळे मिळून विश्वासांगीकार म्हणू." सगळी शेड उभी राहिली. दुसऱ्या ओळीपासून दाजींचेही ओठ हलायला लागले. श्रद्धेची ती कबुली त्यांच्या देवळातही म्हणतात, शब्द तेच होते ना!

पण दाजी खाली बसले नाहीत. "मंग आमच्या देवळातली मान्सं सर्गात जानार का नाय? काल आमच्या हिला कुनीतरी नाय म्हनलं."

मग मार्थाबाई उठल्या. "मी म्हटलं, बंधू."

बंधूंनी त्यांना बसायची खूण केली. मग म्हणाले, "तारण येशू करतो. तुमचं देऊळ करत नाही आणि आमची ही शेडही करत नाही. आमच्या तोंडून असं निघतं, तेव्हा लोकांनी पंथ म्हटलं तर त्यांचं काय चुकलं?"

पाय धुवायची वेळ झाली तेव्हा मार्थाबाईंनी घमेलं उचललं ते थेट ताईपुढे ठेवलं. "चुकलं माझं, बाई." ताई म्हणाली, "असू द्या. लसूण मात्र छान सोलता."

पुरुषांच्या रांगेत बंधूंनी दाजींचे पाय धुतले. दाजींना गुदगुल्या सोसेनात, "आवो, आवो, पुरे!" म्हणत पंच खदाखदा हसत होते. आता आमची रीत अशी, की ज्याचे पाय धुतले त्यानं शेजाऱ्याचे धुवायचे. दाजींनी टॉवेल खांद्यावर टाकला, वळले, तर शेजारी दानिएल! पोरगा लाजून पाय मागे घ्यायला लागला. दाजींनी त्याचा घोटा धरला आणि तळव्याची माती नीट चोळून काढली.

ताई पलीकडून ओरडली, "अगंबाई! यांनी तर मांडवाआधीच जावयाचे पाय धुतले!"

"मी अजून व्हय म्हनलो नाय!"

"मग सोडा की तो पाय!"

दाजींनी पाय सोडला नाही. टॉवेलनं बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या आणि म्हणाले, "लगीन आमच्या देवळात. गानी तुमची चालतील."

घरी, गंगापूर रोडला, दिवेलागणीच्या आत पोचलो. दोन दिवसांचा खर्च आम्हा दोघांचा दोनशेच्या आत बसला. लग्न सायखेड्याला झालं. दाजींच्या पाळकसाहेबांनी लावलं, आमच्या पोरांनी ढोलकी वाजवली, आणि मार्थाबाईंना ताईनं दोन दिवस आधीच लसणासाठी बोलावून घेतलं.

दाजी अजून फोनवर विचारतात, "काय म्हनतोय तुमचा पंथ?" पूर्वी मी चिडायची. आता म्हणते, "बरा आहे, दाजी. दिवाळीला घमेलं भरून ठेवते, या."

आणि येतात.