डब्लिनकरांची फुलदाणी

तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची रोजची खबरबात ठेवणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या अमिरातीत सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. आमच्या वरच्या मजल्यावरचे अंकल मूळचे वसईचे. दुबईतल्या अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागातल्या एका छापखान्यात त्यांची हयात गेली, पण मनाने त्यांचा मुक्काम कायम अठराव्या शतकाच्या आरंभीच्या डब्लिन शहरात. तिथे तेव्हा एक मुद्रक होता. कुणी सरदार नाही की कवी नाही, गल्लीतला साधा छापखानेवाला. त्याचं खरं नाव अंकल फक्त गंभीर प्रसंगी घेत, एरवी तो 'आमचे डब्लिनकर'. आम्ही नव्याने राहायला आलो तेव्हा मला वाटलं, आयर्लंडमध्ये सेटल झालेले यांचे कुणी नातेवाईक असतील. लिफ्टमध्ये मी आपलं विचारलं, "कसे आहेत ते?" तर अंकल मान हलवत म्हणाले, "सध्या जरा टाइट आहे. बिशपशी वाकडं आलंय." पुढचे कित्येक दिवस मी त्या नातेवाइकांची मनापासून काळजी केली.

अंकलची डब्लिनकरांशी ओळख झाली ती एका आयरिश शिक्षिकेमुळे. नोकरी संपवून ती मायदेशी निघाली, तेव्हा तिने सामान वाटून टाकलं. अंकलच्या बायको, म्हणजे आंटी, हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर, म्हणून त्यांना पडदे दिले, आणि अंकल छापखान्यात, म्हणून त्यांना एक फाटकं अंकगणिताचं पुस्तक दिलं. पडदे केव्हाच विरले. अंकलना गणिताचं वावडं, पण शेवटच्या पानावर मुद्रकाने वाचकाला विनंती केली होती की घाईत काही चुका राहिल्या आहेत, त्या ज्याने त्याने आपल्या लेखणीने सुधारून घ्याव्यात. ते वाचून अंकल जे विरघळले ते कायमचे. "मी इकडे एका कॉमासाठी कस्टमरच्या शिव्या खातो," ते म्हणाले, "आणि हा माणूस चूक स्वतः करतो नि दुरुस्ती कस्टमरला सांगतो! हबीबी, याला म्हणतात बिझनेस." त्या दिवसापासून डब्लिनकरांनी जे जे छापलं ते ते पाहायचं, हे त्यांचं व्रत झालं. परदेशातली ग्रंथालयं जुन्या पानांचे फोटो इंटरनेटवर टाकतात, ते अंकल फोनवर बोटांनी ताणून ताणून वाचत.

आणि डब्लिनकरांनी काय छापलं नव्हतं? प्रवचनं, पंचांगं, घोडा हरवल्याच्या जाहिराती, मधमाश्या पाळायचं पुस्तक, लंडनहून उचललेली नाटकं. फाशी जाणाऱ्या माणसाचं अखेरचं भाषण ते त्याने केलेलं नसतानाच छापून ठेवत, कारण फाशीच्या जागी गर्दी जमली की लगेच विकता आलं पाहिजे. एका धर्मगुरूने दुसऱ्यावर पुस्तिका लिहिली तर ती यांनी छापली, आणि त्या दुसऱ्याने सणसणीत उत्तर लिहिलं तर तेही यांनीच. "दोघांनाही वाटायचं, प्रेसवाला आपल्या बाजूने आहे," अंकल कौतुकाने सांगत. आमच्या इमारतीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन तट पडले, तेव्हा अंकल दोन्हीकडे जाऊन मान डोलावून आले. आंटींनी झापलं तर म्हणाले, "डब्लिनकरांचा नियम आहे."

एकदा आम्ही त्यांना सहलीला खोर फक्कानच्या समुद्रावर नेलं. उन्हाळा असा की वाळूवर अनवाणी पाय टेकवणं अशक्य. मुलं पाण्यात आणि अंकल सावलीला फोन घेऊन डब्लिनकरांचं पंचांग वाचत बसलेले. दर अर्ध्या तासाने ते आम्हाला हवामान कळवत. "आज दुपारनंतर गारा आहेत." माझी मुलगी पाण्यातूनच ओरडली, "अंकल, इट्स फॉर्टी-फोर डिग्रीज!" अंकल शांतपणे म्हणाले, "डार्लिंग, पंचांग चुकत नाही. गावं चुकतात." परतताना त्यांनी खरोखरच गाडीची काच खाली करून आभाळ पाहिलं.

हे सगळं घरात होतं तोवर ठीक होतं, पण अंकल ते नोकरीतही आणत. डब्लिनकरांच्या काळी प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द एकटाच छापायची रीत होती. पानं जुळवताना गफलत होऊ नये म्हणून. अंकलना ही रीत फार आवडे. एका हॉटेलवाल्याचं मेनूकार्ड करताना त्यांना मोह आवरला नाही. शाकाहारी पान संपत होतं आणि पुढचं पान मटणाचं होतं. झालं! दाल तडका, जिरा राइस, आणि त्याखाली कोपऱ्यात ठसठशीत 'मटण'. पहिल्याच दिवशी एक शुद्ध शाकाहारी कुटुंब ताटावरून उठलं. हॉटेलवाला मेनूकार्डांचा गठ्ठा घेऊन छापखान्यात आला, तर अंकल त्यालाच शिकवायला लागले, "वो डिश नहीं है भाई, पन्ना पलटने का इन्व्हिटेशन है." तो म्हणाला, "मेरा कस्टमर पन्ना नहीं पलटता, टेबल पलटता है!" छापखान्याच्या मालकाने सगळी कार्डं पुन्हा छापून दिली आणि अंकलना ताकीद दिली. अंकलना दुःख झालं ते ताकिदीचं नाही, एवढी सुंदर रीत लोकांना कळत नाही याचं.

हे असे अंकल निवृत्त व्हायला आले. व्हिसा संपत होता, वसईचं घर रंगवून तयार होतं. जायच्या आधी त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्यांदा सांगितली होती की माझ्या मुलांनाही पाठ होती. डब्लिनच्या एका ग्रंथालयात त्या मुद्रकाच्या कामांची सूची आहे. त्या सूचीत एक नवं पुस्तक आपण घालायचं आणि खाली तळटीपेत आपलं नाव यायचं. आयुष्यभर हजारो गोष्टी छापल्या, पण खजुराच्या खोक्यावर छापणाऱ्याचं नाव कोण घालतं? आणि पुस्तक त्यांना सापडलं होतं. गाईंच्या आजारांवरचं, मुद्रकाचं नाव नसलेलं एक चिमुकलं पुस्तक. त्याच्या शेवटी लाकडी ठशाने छापलेली फुलदाणी होती. तशीच फुलदाणी डब्लिनकरांच्या एका आधीच्या प्रवचनात होती, आणि दोन्हींच्या डाव्या कानाला चीर. प्रवचनात चीर लहान, गाईंच्या पुस्तकात किंचित मोठी. ठसा वापरून वापरून चीर वाढली, म्हणजे ठसा तोच, म्हणजे मुद्रक तोच. ग्रंथालयातल्या बाईंना अंकलचं म्हणणं पटलं. सूचीच्या पुढच्या आवृत्तीत तुमच्या नावानिशी घालू, अशी त्यांची मेल आली, आणि ती अंकलनी वॉचमनपासून मराठी मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवली.

ते साजरं करायला त्यांनी शनिवारी दुपारी जेवण ठेवलं. आंटींनी वसईकडचं झणझणीत चिकन इंदयाल आणि तळलेले गोल पाव, म्हणजे फुगे, केले, आमच्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी. मी श्रीखंड घेऊन जरा लवकरच गेले. भिंतीवर छापखान्यातून मोठ्या करून आणलेल्या दोन फुलदाण्या लावल्या होत्या. तिसरी जमिनीवर पसरलेली, आणि तिच्याशेजारी अंकल मांडी घालून बसलेले. नवा शर्ट, सेंट, आणि चेहरा उतरलेला.

"बाय, इकडे बघ," ते म्हणाले.

तिसरी फुलदाणी त्यांनी निव्वळ शोभेसाठी आणली होती. दोनपेक्षा तीन बऱ्या दिसतात म्हणून. डब्लिनकरांच्याच एका पंचांगातली, प्रवचनानंतरची पण गाईंच्या पुस्तकाच्या आधीची. तिची चीर कानापासून थेट बुडापर्यंत गेली होती.

मला समजायला थोडा वेळ लागला. पंचांग आधीचं, तरी त्यात चीर मोठी. गाईंचं पुस्तक नंतरचं, तरी त्यात चीर लहान.

"लाकूड एकदा तडकलं की परत जुळत नाही," अंकल म्हणाले. "हा ठसा वेगळा आहे. कुणीतरी डब्लिनकरांची चिरेसकट कॉपी मारलीय."

मला त्यांचा इतका राग आला! भाजी गरम होती, पाहुणे निघाले होते, मंडळाच्या ग्रुपवर मी स्वतः मेसेज टाकला होता. मी म्हणाले, "अंकल, ती तिसरी गुंडाळा आणि पलंगाखाली सरकवा. त्या बाईंनी मान्य केलंय, खलास. कोण बघायला जातंय?"

"डब्लिनकरांना चालेल का? दुसऱ्याचं काम आपल्या नावावर?"

आंटी किचनमधून कडाडल्या, "तुमच्या डब्लिनकरांनी अर्धं लंडन चोरून छापलंय!"

"पुस्तक चोरलं," अंकल उठत म्हणाले, "मेहनत नाही चोरली. अक्षरांचे खिळे स्वतः जुळवले." आणि त्यांनी तिथेच उभ्याउभ्या, माझ्या डोळ्यांदेखत, बाईंना मेल लिहून पाठवून दिली. मग तिसरी फुलदाणी उचलून इतर दोघींच्या मधोमध चिकटवली.

पाहुणे आले. अंकलनी ठरलेलं भाषण केलं, फक्त त्याचा शेवट उलटा. चीर कशी वाढते, ठसा कसा झिजतो, आणि आपण कसे गाढव ठरलो, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की लोक जेवायचं विसरले. माझी मुलगी म्हणाली, "सो द बुक इज नॉट हिज?" "नो डार्लिंग, नॉट हिज." तेवढ्यात आंटींनी केक आणला. केकवर फुलदाणी काढायला सांगितली होती, चिरेसकट. बेकरीवाल्याला ती चीर म्हणजे फोटोतली खराबी वाटली आणि त्याने ती क्रीमने छान बुजवून टाकली होती. अंकल केककडे बघत राहिले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते फक्त हसण्याचं पाणी नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि तेव्हा माझा राग गेला.

बाईंनी आभार मानले आणि गाईंचं पुस्तक पुन्हा 'मुद्रक अज्ञात' या रकान्यात गेलं. सामान बांधायला मी वर गेले, तेव्हा अंकल म्हणाले, "त्या दुसऱ्याचा विचार येतो गं. डब्लिनकरांचा अभ्यास करायला युनिव्हर्सिटीतली माणसं आहेत. याचं कुणीच नाही. कॉपी मारली खरी, पण ठसा हाताने कोरलाय त्याने. त्याचं नाव शोधायला पाहिजे." मी म्हटलं, "आणि डब्लिनकर?" "ते काय, सेटल्ड आहेत."

अंकल वसईला गेले. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. फार सज्जन, आणि त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मधूनमधून मी फोन करते. मागच्या वेळी विचारलं, सापडलं का नाव?

"नाही अजून. पण माणूस चांगला असणार."

"कशावरून?"

"कागद एवढा महाग, तरी प्रत्येक पानाला भरपूर समास सोडलाय बघ. वाचणाऱ्याचा अंगठा अक्षरांवर येऊ नये म्हणून."

मी शेजारी पडलेलं मुलीचं पुस्तक उघडून समासावर अंगठा टेकवून पाहिला. तिकडे अंकल मुलांची चौकशी करू लागले.