पिळणीच्या मशीनसमोरची साक्ष

सांगा बघू, चालतं दुकान विकत घ्यायचं ठरलं तर तुम्ही आधी काय तपासाल? माल, मशीनं, गल्ला? बरोबर. तोफेनेही नेमकं तेच केलं आणि नेमकी तिथेच फसली.

तोफ म्हणजे आमच्या लाँड्रीवालीचं टोपणनाव. तिने तोंड उघडलं की समोरचा आपोआप दोन पावलं मागे सरतो. ज्या लाँड्रीत तिने अर्धं आयुष्य इस्त्री फिरवली, तीच मालकाने विकायला काढली तेव्हा तिने दागिने मोडले, कर्ज काढलं आणि हप्त्यांनी घेतली. ताबा घेताना हट्टाने सगळी मशीनं एकदम चालू करायला लावली. पट्टे, नळ, बॉयलर, सगळ्याला हात लावून पाहिला. मालकाने सरकारचा कर भरलाय का, हे विचारायचं मात्र राहिलं.

मग कर खात्याची नोटीस आली. जुन्या मालकाने वर्षानुवर्षं थकवलेला कर दंडासकट आता धंदा चालवणारीने भरायचा, नाहीतर मशीनांना सील!

"जाऊबाई, आपण लोकांचे कपडे धुतो की त्या माणसाची पापं?" तिच्या हाताखाली काम करणारी धाकटी जाऊ रडकुंडीला आली.

तोफ तडक मालकाच्या दारात. "मालक, हे काय?"

"अगं, तुला सांगितलं होतं की मी! ताब्याच्या दिवशी. मेहुणे होते साक्षीला."

"माझ्या स्वप्नात येऊन सांगितलंत का?"

प्रकरण कोर्टात गेलं. मेहुण्याने शपथेवर सांगून टाकलं, "पिळणीच्या मशीनपाशी भाऊजींनी बाईंना बाकी सांगितली. बाईंनी मान डोलावली."

तोफ उसळून उठणार, तोच तिच्या वकीलबाईंनी पदर ओढून तिला खाली बसवलं आणि गोड आवाजात विचारलं, "मशीनं चालू होती?"

"सगळीच्या सगळी!" मेहुणा रंगात आला. "काय दणदणाट होता, विचारू नका!"

आता मात्र तोफ बसून राहीना. "साहेब, त्या दणदणाटात मला माझंच ऐकू येत नाही! आम्ही तिथे हातांनी बोलतो. स्वतः येऊन बघा!"

"हिच्यासारखी ओरडणारी बाई आणि ऐकू येत नाही म्हणे," मालकाचा वकील हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पाहणी ठरवली.

पाहणीच्या दिवशी लाँड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. जावेने एकेक बटण दाबलं. बॉयलर फुसफुसला, धुलाई घरघरली, पिळणीचं मशीन किंचाळायला लागलं आणि जमीन थरथरली. न्यायाधीशांनी मालकाला खूण केली, सांगा आता. मालक बोलला. मग ओरडला. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लालबुंद झाला. कोर्टाचा कारकून कानामागे हात धरून नुसता उभा.

मग जाऊ आणि तोफ बोलू लागल्या. चिमूट उडवली, म्हणजे खळ घाल. गळ्याभोवती बोट फिरवलं, म्हणजे कॉलर नीट घास. मिशीवरून दोन बोटं फिरवली, म्हणजे मालक आला. मशीनं थांबली तेव्हा तोफेने एकेका खुणेचा अर्थ सांगितला आणि मालकाकडे वळली.

"आता थकलेल्या कराची खूण करून दाखवा, मालक!"

मालकाचा हात नकळत मिशीकडे गेला. सगळी लाँड्री खो-खो हसली!

निकाल लागला: बाकी लपवली होती, ती जुन्या मालकाने भरायची. त्याला तोफेकडून मिळणारा शेवटचा हप्ता थेट कर खात्यात गेला, उरलेली रक्कम त्याच्या खिशातून. सील टळलं. त्या संध्याकाळी तोफ अशी काही गर्जली की पलीकडचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

पण त्या निकालापायी तिची झोप गेली, वकिलाची फी गेली, अर्धी गिऱ्हाइकं तुटली. आणि प्रत्येकाला असा बडबड्या मेहुणा मिळत नसतो. म्हणून हात जोडून सांगते: तुमच्या घरातलं कोणी दुकान घ्यायला निघालं असेल, तर आधी त्याला कर खात्यात घेऊन जा, आणि काही थकलेलं नाही असं लेखी मिळेपर्यंत त्याला सही करू देऊ नका.