मोज्यातली मूठ

स्कॉटलंडच्या ओबन गावात बस चालवणारा मर्डो गिलिस लग्नाला किल्ट, तो तिकडचा पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घालून आला की उजव्या पायाच्या मोज्यात आजोबांची सुरी असायचीच. हरणाच्या शिंगाची मूठ तेवढी बाहेर, पातं आत. नवख्या पोरांना तो बजावायचा, "किल्टवर असली तर पोशाख. पँटच्या खिशात सापडली तर गुन्हा."

तरी चूक त्याच्याच हातून झाली. पुतण्याच्या लग्नात किल्टवर सूप सांडलं. मर्डोने पँट चढवली, सुरी कोटाच्या खिशात टाकली आणि पायी घरी निघाला. वाटेत दारूच्या गुत्त्यासमोर मारामारी झालेली. पोलीस सगळ्यांचीच झडती घेत होते. पोलीसबाई समजूतदार निघाल्या. "काका, अंगावर किल्ट असता तर मी विचारलंही नसतं. पुन्हा अशी खिशात नेऊ नका." सुरी परत दिली, नावही लिहून घेतलं नाही.

मर्डो मात्र हबकला. खटला, गेलेली नोकरी, सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं. आठवड्याभरात त्याने सुरी कागदात गुंडाळली आणि ठाण्याबाहेरच्या लोखंडी पेटीत टाकली. लोक नको असलेली हत्यारं तिथे टाकत. पेटीतलं परत मिळत नसे. मग पर्यटकांच्या दुकानातून त्याने नुसती मूठ आणली. प्लॅस्टिकची, खाली पात्याऐवजी बोटभर खुंटी. मोज्यात फरक कळत नव्हता.

पुढे मुलीचं, शोनाचं लग्न ठरलं. ती बॅगपाइप वाजवायची, स्वतः किल्ट घालायची. आजोबांची सुरी लग्नात तिला द्यायची, हा त्याने तिला दिलेला जुना शब्द. तो रोज सांगायचं ठरवत होता आणि रोज टाळत होता.

लग्नाच्या जेवणात वाफाळतं हॅगिस आलं, मटणाचा सुरीने कापायचा मोठा गोळा. मर्डोची थोरली बहीण एफी ओरडली, "अरे, काढ की आता! काप, आणि पोरीच्या मोज्यात खोच. का हातातून सुटत नाही?"

"द्यायच्या वेळी सगळेच बाप आजारी पडतात," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

शोना जवळ आली. "बाबा?"

मर्डोने तिच्याशिवाय कुणाला दिसणार नाही अशी मूठ अर्धवट वर ओढली. तिने खुंटी पाहिली.

"विकलीस?"

"नाही. पोलिसांच्या पेटीत टाकली."

"त्यांनी घेतली?"

"कुणी मागितलीसुद्धा नव्हती, पोरी. मी घाबरलो."

खाली वाकून तिने मूठ त्याच्या मोज्यात नीट दाबून बसवली, लहान मुलाचा सदरा खोचावा तशी.

"आत्या," ती मोठ्याने म्हणाली, "ती बोथट झालीये. स्वयंपाकघरातून सुरी आण."

"बोथट? मर्डोची?" एफी हसतच उठली. "लाज नाही वाटत रे तुला?"

सगळे हसले. मर्डोही हसला. शोना तेवढी हसली नाही.