पहिलं ‘बा’
मेथीच्या ठेपल्यांचा वास आला, की सासूबाई परत निघाल्या तो दिवस आठवतो. आमच्या भोकरदनच्या घरात वडलांना ‘बा’ म्हणतात, आणि माझ्या गुजराती बायकोच्या माहेरी आईला. पिशव्या भरून झाल्या, तेवढ्यात पाळण्यातली लेक सासूबाई आणि माझे वडील अशा दोघांकडं बघून आयुष्यात पहिल्यांदा बोलली, “बा!” तिला ‘पप्पा, पप्पा’ शिकवून घसा बसवलेल्या माझ्याकडं कुणी बघेना. “मने बोलावी!” मलाच हाक मारली, म्हणत सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वडील काहीतरी बोलणार होते, ते थांबले. “बराबर हाये, इहीनबाई. तुम्हालाच म्हन्ली. मी काय, हितंच हाये.” एसटी गेल्यावर मात्र ते नातीला मांडीवर घेऊन संध्याकाळभर हळूच सांगत बसले, “म्हन की मंग, बा!” लेक आता कॉलेजात जाते आणि दोघांनाही ‘बा’च म्हणते, पप्पा तिला फक्त काम असलं की आठवतो.