शिंपिणीच्या चाकाचा नकाशा

अमुगे शिंपीण कुठल्याही गोष्टीला झालर लावल्याशिवाय सोडायची नाही. सोरोटीच्या बाजारात तिच्या हातच्या गोमेसीचे, म्हणजे तिकडच्या बायकांच्या पायघोळ झग्याचे, टोकदार खांदे लांबून ओळखू येत, आणि गिऱ्हाईक नको नको म्हणत असतानाही ती वर एक फीत ठोकून द्यायची. अशा बाईने अंध मुलांसाठी नकाशे करायला घ्यावेत म्हणजे कमालच. पण घेतले खरे, कारण तिची केवीना जन्मापासून आंधळी, आणि केवीनाला भूगोल हवा होता.

मिशनच्या शाळांची एक परीक्षा-समिती होती. ती अंध मुलांना नकाशाचा प्रश्न गाळायला सांगायची आणि त्याचे गुण सरळ कापायची. तेवढे गुण गेले की पुढच्या वर्गात भूगोल मिळत नाही. "मग गाणं घे," असं शाळेत कुणीतरी केवीनाला सुचवलं. आंधळी म्हटली की गाता येतंच, असं लोक कशावरून धरून चालतात देव जाणे. केवीनाचा आवाज अगदी फाटका. ती घरी येऊन आईवरच डाफरली.

अमुगेने कापडावर खुणा उठवायचं दातेरी चाक काढलं. खाली जुनं कांबळं, त्यावर जाड कागद, आणि कागदाच्या मागून चाक दाबून फिरवलं की पुढच्या बाजूला ठिपक्यांची रेघ वर येते. मागून काढायचं म्हणजे सगळं उलटं, डावं उजवीकडे. शाळेतले मास्तर यात हमखास गडबडत, पण अमुगेची सगळी हयात कापडाच्या उलट्या बाजूवर गेली होती. ते तिला सोपंच गेलं. अवघड गेलं ते दुसरंच.

पहिल्या नकाशात तिने क्योगा तळ्यात लाटा काढल्या, लाटांत मासे, काठाने लव्हाळी. केवीनाने बोटं फिरवली.

"आई, हे काय आहे?"

"तळं."

"मला वाटलं, कुणालातरी खरूज झालीय."

अमुगे दोन दिवस लेकीशी बोलली नाही. मग तिने मासे काढून टाकले. मग लव्हाळी गेली. चौथ्या नकाशात लाटा गेल्या तेव्हा तिला खरोखर रडू आलं. सातव्यात उरलं ते एवढंच: गुळगुळीत तळं, ठसठशीत काठ, रेल्वेची दुहेरी रेघ, होड्या लागतात त्या गावांचे गोल आणि शेजारी ब्रेलमध्ये नावं. केवीनाचं बोट काठाकाठाने कुठेही न अडखळता फिरून आलं.

अंध माणसाला असा नकाशा खरंच वाचता आला तर प्रश्न गाळायचा नाही, असं समितीने कबूल केलं, आणि तिचे ओलिंगासाहेब तपासणीला आले. चहा झाला, भाजलेले शेंगदाणे झाले.

"वाचणारा अंध हवा, आणि या नकाशाला आधी कधी हात न लावलेला हवा," ते म्हणाले. "पाठ केलेला नकाशा काय, मीही डोळे मिटून वाचीन."

अमुगेने लेकीकडे पाहिलं. केवीनाची बोटं तर सातही नकाशांवरून फिरलेली. बरं, तिच्या वर्गातल्या बाकीच्या अंध मुली?

"सगळ्यांना दाखवला," केवीना पुटपुटली. "पैजा लावून वाचायला लावला."

"अगं भवाने," अमुगे म्हणाली.

साहेब पिशवी आवरू लागले. पुढची तपासणी पुढच्या वर्षी, आणि केवीनाची परीक्षा याच वर्षी.

आता एकच माणूस उरला होता. अमुगेच्या दुकानाशेजारी बसून खुर्च्या विणणारा ओक्वीकाका. साठीचा, जन्मांध, ब्रेलमधलं बायबल दोनदा वाचून काढलेला, आणि तोंडाचा फटकळ. अमुगेच्या चाकाच्या करकरीला तो वर्षभर शिव्या देत होता, आणि नकाशाला हात लावायचं नाव काढलं की म्हणायचा, "डोळसांची थेरं."

अमुगे धावतच गेली.

"काका, चला. नकाशा वाचायचाय."

"खुर्ची अर्धी आहे."

"खुर्ची जाऊ दे खड्ड्यात. केवीनाचं वर्ष जातंय हो."

मोठ्यांपुढे बोलताना बसतात तशी ती रस्त्यातच गुडघ्यांवर बसली होती. आवाज खालून आला तेव्हा ओक्वीला ते कळलं, आणि तो मुकाट्याने उठला.

साहेबांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. ओक्वीने दोन्ही पंजे कागदावर पसरून आधी सगळा कागद चाचपला.

"सोरोटी कुठे?"

"हे."

"रेल्वे?"

"ही काय, दोन रेघा."

"आता तळ्याच्या दक्षिणेच्या काठावरची गावं वाचा."

ओक्वीचं बोट पाण्यावरून खाली घसरलं, काठाला लागलं. "बुकुंगू," तो म्हणाला आणि थांबला. साहेबांचं पेनही थांबलं. केवीनाने आईचा दंड घट्ट धरला.

ओक्वीचं बोट वर आलं.

"हे आपल्या बाजूचं काग्वारा?"

"नाव तुम्हीच वाचायचं," साहेब म्हणाले.

"काग्वाराच आहे. आणि मधे काय आहे, सगळं पाणी?"

"पाणी."

"दुसरं काही नाही?"

"नाही."

"माझी बहीण बुकुंगूला दिलीय," ओक्वी म्हणाला. "एकवीस वर्षं झाली. लांब पडतं म्हणते. मीही म्हणत आलो, लांब असेल." त्याने मधली दोन बोटं जोडून त्या पाण्यावर आडवी ठेवली. दोन्ही गावं बोटांच्या दोन बाजूंना लागली. "अमुगे, अगं, हे तर दोन बोटं आहे."

साहेबांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. "नकाशा मान्य," असं लिहून त्यांनी सही केली आणि लिहिलेलं केवीनाला मोठ्याने वाचून दाखवलं. केवीना आईच्या गळ्यात पडून रडली, आणि अमुगेने तिला रडू दिलं.

नकाशा समितीकडे जायचा होता. साहेब पिशवी उघडून उभे, आणि ओक्वीचे हात काही कागदावरून उठेनात.

"काका, सोडा आता," अमुगे म्हणाली. "तुम्हाला दुसरा करून देते."

"दुसरा नको," ओक्वी म्हणाला. "काग्वाराहून होडी किती वाजता सुटते, तेवढं विचार."