रेती नको म्हणणारा माझा बाप

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, जामच्या नाक्याकडे जाणाऱ्या सडकेला लागून. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर माझ्या बानं गावकीचं काम सोडलं. मेलेली ढोरं ओढणार नाही, कोणाच्या दारात उभं राहून भाकर मागणार नाही, असं त्यानं चावडीवर सांगितलं. गावानं विचारलं, मग खाशील काय? उत्तर म्हणून बानं सडकेच्या कडेला टिनाचं दुकान टाकलं. रॉकेल, काड्यापेट्या, कंदिलाच्या काचा, वाती, साबण. दुकान चाललं तर माझा बाप ताठ मानेनं जगणार होता. नाही चाललं, तर त्याला परत ढोरांमागे धाडायला गाव टपलेलंच होतं.

मला अक्षरं आली ती पत्रकांवरून. बा सभेला गेला की पत्रकं घेऊन यायचा. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. मी वाचायचे, तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "हे पुन्हा वाच." छापलेलं ते खरं, असा आमच्या घरात कायदा होता.

रॉकेलच्या परवान्यासाठी तालुक्याहून साहेब आला. तो म्हणाला, "आग विझवायचं साधन लागेल. दाराशी लाल बादल्या टांगा. रेती भरून."

बानं साहेबाला सडकेपर्यंत पोचवलं. घरी आल्यावर म्हणाला, "रेती नाई."

"काऊन?" मायनं विचारलं.

"तुले मालूम नाई काय काऊन?"

मायला माहीत होतं. मला त्या दिवशी कळलं. बा लहान असताना त्यांची झोपडी पेटली होती. गवताचं छप्पर, तुराट्यांच्या भिंती. गावची विहीर समोर दिसत होती, पण तिच्यावर आम्हाला चढायची मनाई. वरचे लोक काठावर उभे राहून ओरडत होते, "नाल्यातली रेती टाका रे, रेती टाका!" माझ्या आजीनं पदरात रेती भरभरून आणली. रेतीनं गवत विझलं नाही. झोपडी गेली, आत बांधलेली शेळी गेली. विहिरीत पाणी तसंच राहिलं.

"त्यायच्या घरच्या आगीले पाणी," बा म्हणाला, "अन् आमच्या आगीले रेती. आता आपल्या वस्तीची इहीर हाय. आता रेती नाई."

मला वाटलं, हे वाक्य पत्रकात छापावं.

आम्ही दोघं नागपूरला गेलो. आग विझवायची यंत्रं विकणारा माणूस सभ्य होता, आम्हाला खुर्चीवर बसवून बोलला. त्यानं तीन प्रकारची यंत्रं सांगितली, दोन समोर मांडली. एक पितळेचा हातपंप, मोटारीसाठी. त्यातलं औषध इंजिनावर मारायचं, पण बंद खोलीत नाही, त्याची वाफ वाईट. दुसरं, तांबडा शंकूसारखा डबा. त्याची घुंडी जमिनीवर आपटली की आतली शिशी फुटते आणि पाण्याची धार सुटते. हे कापूस, लाकूड, कपडा, कागद यांच्यासाठी. तिसरं फेस सोडणारं. तेल पेटलं तर हेच. पण ते त्याच्याकडे नव्हतं. मुंबईहून मागवावं लागणार होतं.

"येईपर्यंत रेतीच्या बादल्या ठेवा," तो म्हणाला. "घरी चुलीशीपण एक ठेवा. रेतीसारखं स्वस्त आणि खात्रीचं काही नाही."

बानं तांबड्या शंकूवर हात ठेवला. "याच्यात पाणीच हाय ना?"

"पाणीच. पण तुमचं दुकान तेलाचं आहे, काका. पेटलेलं तेल पाण्यावर तरंगतं."

शंकूसोबत छापील कागद होता. मी तो तिथल्या तिथं वाचून दाखवला. तेलाच्या आगीवर वापरू नये, असं त्यात स्पष्ट होतं. मी ते दोनदा वाचलं. माझ्या बापानं छापलेली ओळ ऐकून मान वळवावी, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

"माह्या डोयानं पाह्यलं हाय मी," तो म्हणाला. "रेतीनं काय होते ते."

त्यानं पाहिलं होतं ते खरंच होतं. गवताला रेती पुरत नाही, पाणी लागतं. त्याचं ज्ञान खोटं नव्हतं, दुसऱ्या आगीचं होतं. हे मला आज सुचतं. त्या दुकानात सुचलं असतं तरी ते त्याला समजेल अशा शब्दांत मांडता आलं असतं का, कोण जाणे. रेती हा शब्द त्याच्यापुढे अपमान न होता उच्चारायचा कसा, हे कोणत्याच पत्रकात नव्हतं.

शंकू दुकानात दारासमोरच टांगला. साहेबानं येऊन पाहिलं, "यंत्र आहे ना, ठीक," म्हणून सही केली. बा रोज फडक्यानं ते पुसायचा. हैदराबादकडे जाणारा एक ट्रक ड्रायव्हर स्टोव्हसाठी रॉकेल घ्यायला थांबायचा. तो ते पाहून हसला.

"चाचा, ये तो रुई के लिए है. जिनिंग में टांगो."

"तुह्या गाडीत काय हाय मग?"

ड्रायव्हरनं पितळी पंप आणून दाखवला. बानं हलवून पाहिला. रिकामा.

"इसकी दवा से पतलून का दाग ऐसा साफ जाता है चाचा, क्या बोलूं!"

"म्हंजे आग लागली तर पतलून दाखवशीन तिले?" बा म्हणाला, आणि दोघंही खूप हसले. माझ्या बापाला दुकानाच्या गल्ल्यामागे बसून असं हसताना पाहणं मला फार आवडायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात दिवेलागणीला एका गिऱ्हाइकानं पेटता कंदील खाली ठेवला, बाटली पुढे केली. पिंपाखालच्या पत्र्याच्या ताटात सांडलेलं रॉकेल साचलं होतं. ते पेटलं. जाळ ताटाएवढाच होता. वर दुसरं ताट उपडं टाकलं असतं तरी विझला असता. पण बाच्या डोळ्यांपुढे ते यंत्रच होतं. त्यानं ते उतरवलं, घुंडी आपटली. धार सुटली, अगदी कागदात लिहिल्याप्रमाणे. ताटातलं पेटतं तेल उसळून बाहेर आलं, पाण्यावर बसून फळ्यांखाली वाहत गेलं, आणि बाचे दोन्ही हात भाजले.

ड्रायव्हर त्या दिवशी योगायोगानं तिथंच होता. तो ओरडला, "पानी मत मारो! रेत! रेत डालो!"

सडकेच्या कामाचा रेतीचा ढीग पलीकडे होता. बादली नव्हती. मी पदर पसरला आणि रेती भरून धावत आणली. बानं मला पाहिलं. पदरात रेती घेऊन धावणारी बाई तो दुसऱ्यांदा पाहत होता. त्याचा चेहरा मला आजही नीट सांगता येत नाही. मी रेती टाकली, ड्रायव्हरनं पाट्यांनी टाकली, पण आग तोवर मागच्या पिंपापर्यंत गेली होती.

तेवढ्यात गावातून माणसं धावत आली. वरच्या आळीची. हातात बादल्या, घागरी, त्याच विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या. आमच्या आगीला गावानं पाणी आणलं, ते आयुष्यात पहिल्यांदा. आणि माझा बाप जळक्या हातांनी त्यांच्या आडवा उभा राहिला.

"पाणी टाकू नका!" तो ओरडत होता. "रेती टाका! मी सांगून राह्यलो ना, रेती टाका!"

ते थबकले. त्यांना वाटलं, हा अजून राग धरून आहे. एकजण म्हणालाही, "आमचं पाणी चालत नाई आता यायले!" समजावायला वेळ नव्हता. पिंप फुटलं आणि सगळे मागे पळाले.

सकाळी वाकडा झालेला टिनाचा पत्रा तेवढा उरला होता. बा गावकीकडे गेला नाही, हे मात्र मी मान वर करून लिहिते. तो हिंगणघाटच्या जिनिंगात हमाल म्हणून लागला. तिथं भिंतीवर तसलाच तांबडा शंकू आहे, कापसाच्या गंजीसमोर. "तिथं तो बराबर हाय," एवढंच तो म्हणाला. दुकानाचं नाव पुन्हा काढलं नाही. मुकादमानं हाक मारली की आता तो उठून उभा राहतो.

आगीच्या त्या संध्याकाळी भाजीपाला लावणाऱ्या, वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आपली बादली बापुढे ठेवली होती. "हात बुडव. बुडव आधी, मग बोल." बानं दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पाण्यात बुडवले. म्हातारा बादली ठेवून गेला, ती घ्यायला आला नाही.

मी त्यावर पत्रक लिहिलं. पाणी दिलं, पण आमचे हात लागलेली बादली परत नेली नाही, असं. शब्द धारदार उतरले होते. बाला वाचून दाखवलं. "हे पुन्हा वाच," तो म्हणाला नाही.

"इसरला असंन थो," तो म्हणाला.

"इतके दिवस, बा?"

"मंग तू नेऊन देजो ना."

मी अजून गेलेले नाही. त्यानं बादली घेतली नाही, तर माझं पत्रक खरं ठरेल. त्यानं घेतली, चहा पिऊन जा म्हणाला, तर माझ्या बापाचं दुकान ज्या रागाच्या भरात जळलं, त्या रागाचं मी काय करू?

मायनं वाट पाहिली नाही. तिनं त्याच बादलीत रेती भरून ती चुलीशी ठेवली आहे. मांजर तिच्यात घाण करतं म्हणून दर आठवड्याला ती रेती चाळते, आणि बा घरी असला की चाळणी धरायला तोच बसतो.